शरणपूर रोडचे ‘नासिक बॉइज’

रोज ज्या रस्त्यावरून आपण ऑफिसला जातो, त्याच्या नावात एक आख्खी गोष्ट लपलीय. गुलामांच्या बाजारातून सुटलेल्या मुलांची, एका मृतदेहाच्या दीड हजार मैलांच्या प्रवासाची आणि ‘सेवा’ पुरेशी नाही, न्यायही हवा, असं म्हणणाऱ्या एका माणसाची...

शनिवारची संध्याकाळ. कॅनडा कॉर्नरचा सिग्नल. पुढं रिक्षा, मागं एसयूव्ही, मध्ये आपली अ‍ॅक्टिव्हा. मोबाईलवर मित्राचा सहावा मेसेज, ‘कुठं आहेस?’ आणि आपलं ठरलेलं उत्तर, ‘अरे शरणपूर रोडला अडकलोय.’ नाशिकमध्ये नोकरी करणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य आयुष्यात किमान शंभर वेळा टाइप केलं असेल. मीही केलंय. पण हे ‘शरणपूर’ म्हणजे नक्की काय, असा प्रश्न कधी पडला? मला तर अठ्ठावीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. वाटायचं असेल एखादं जुनं गाव, सातपूर, गंगापूरसारखं.

तर गाव होतंच. पण सातपूरसारखं नाही. शरण आलेल्यांचं गाव म्हणून शरणपूर. आणि शरण कोण आलं होतं, तर अनाथ पोरं, घरातून आणि जातीतून बाहेर काढलेली माणसं, आणि... आता सीट बेल्ट बांधा... आफ्रिकेतून पळवून आणलेली मुलं!

गलबतातून उतरलेली पोरं

थोडा इतिहास, बोअर न करता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्यानं बंद झाली होती, पण हिंदी महासागरातला धंदा जोरात चालू होता. पूर्व आफ्रिकेतल्या खेड्यांवर धाडी पडायच्या. माणसं पकडायची, साखळदंडात किनाऱ्यापर्यंत चालवायची आणि झांजिबारच्या बाजारात विकायची. तिथून ढाऊ नावाच्या अरबी गलबतांत कोंबून अरबस्तानाकडं, इराणच्या आखाताकडं रवानगी. लहान मुलांना भाव चांगला. कारण ती पळून जात नाहीत आणि लवकर विसरतात.

ब्रिटिश नौदलाची जहाजं ही गलबतं पकडायची. पकडल्यावर प्रश्न यायचा, ह्या माणसांचं करायचं काय? परत सोडावं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडली जाणार. आई-वडील कुठले, गाव कुठलं, हे सात-आठ वर्षांच्या पोराला सांगता येत नाही, सांगितलं तरी नकाशावर सापडत नाही. मग त्यांतली बरीच मुलं मुंबईत उतरवली जायची. आणि मुंबईहून काही जण थेट आपल्या नाशकात!

नाशकात चर्च मिशनरी सोसायटीचं काम 1832 पासून सुरू होतं. 1850च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या मिशनऱ्यानं गावाबाहेरच्या जागेवर ही वस्ती उभी केली. शाळा, चर्च, शेती आणि कारखाना. कारखाना म्हणजे सुतारकाम, लोहारकाम असं हाताला काम देणारं काहीतरी. आजच्या भाषेत ‘स्किल डेव्हलपमेंट’. ख्रिस्ती झालेल्या माणसाला तेव्हा गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नसे, घरच्या वाड्यात जागा मिळत नसे, बलुतंही मिळत नसे. त्यामुळं नुसतं प्रवचन देऊन भागणार नव्हतं. पोट भरायला हवं होतं.

ह्याच वस्तीत आफ्रिकन मुलांसाठी आश्रम सुरू झाला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचं नाव ‘आफ्रिकन असायलम’. आणि तिथून बाहेर पडलेल्या पोरांना जगभर एकच नाव मिळालं, नासिक बॉइज. हो, आपल्या शहराचं नाव! लंडनच्या भूगोलतज्ज्ञांच्या पुस्तकांत, लिव्हिंगस्टनच्या डायरीत, केनियाच्या इतिहासात. आणि आपण अजून द्राक्षं, कुंभमेळा आणि वाईन एवढ्यावरच अडकलोय.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ह्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं. ना गुलाम करताना, ना सोडवताना, ना बाप्तिस्मा देताना. त्यांची नावंही बदलली. चेंग्विंबे नावाचा मुलगा झाला मॅथ्यू वेलिंग्टन. याओ जमातीचा एक पोरगा झाला जेकब वेनराइट. कुणाला मिशनऱ्यांची आडनावं, कुणाला देणगीदारांची. शरण देणारा माणूस कितीही चांगला असला तरी शरण घेणाऱ्याचं नाव पुसतो, हे शरणपूरचं दुखणं आहे. ते झाकून ह्या मंडळींचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण म्हणून ती वस्ती नसती तर बरं झालं असतं, असंही मला म्हणवत नाही. पर्याय काय होता, ते आपण वर वाचलंच.

दीड हजार मैल

सप्टेंबर 1865. डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन, तेव्हाचा सुपरस्टार संशोधक, मुंबईत आला आणि तिथून नाशिकला. त्याला शेवटच्या मोहिमेसाठी माणसं हवी होती. शरणपूरच्या शाळेतली नऊ मुलं त्याच्याबरोबर निघाली. मुंबईच्या शाळेत शिकत असलेला चुमाही होता. (चुमाला बऱ्याचदा ‘नासिक बॉय’ म्हणतात, पण तो मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेचा. आपलं नसलेलं क्रेडिट आपण घ्यायचं नाही!)

मोहीम म्हणजे नुसता वैताग होता. बरोबर नेलेले शिपाई पहिल्याच वर्षी परत पाठवावे लागले. कोमोरो बेटांवरचे हमाल पळून गेले आणि किनाऱ्यावर येऊन ‘साहेब मेले’ अशी थाप मारून मोकळे झाले. नाशिकच्या पोरांवरही लिव्हिंगस्टन वैतागलेला दिसतो. आळशी आहेत, ऐकत नाहीत वगैरे. प्रत्येक बॉस आपल्या टीमबद्दल हेच लिहितो, नाही का? त्यांतले काही वाटेतच सुटले. पण पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत जे पाच जण टिकले, त्यांत शरणपूरचा एडवर्ड गार्डनर होता. 1872 मध्ये स्टॅन्लीनं पाठवलेल्या नव्या तुकडीत आणखी काही नासिक बॉइज आले. जेकब वेनराइट आणि जॉन वेनराइट, कारस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन.

1 मे 1873. आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला.

आता विचार करा. तुम्ही जंगलात आहात. बॉस गेला. पगार देणारं कुणी नाही. मृतदेह घेऊन फिरणं म्हणजे त्या मुलुखात साक्षात संकट, कारण प्रत्येक गावाला भुताखेतांची भीती. जमिनीत पुरून टाकलं असतं तर जगात कुणीही ह्या पोरांना दोष दिला नसता. त्यांनी बसून चर्चा केली आणि ठरवलं, न्यायचं. समुद्रापर्यंत.

वेनराइटनं सामानाची यादी केली. लिहिता-वाचता येणारा, हिशेबाला पक्का. हृदय आणि आतले अवयव काढून एका झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थना वाचली वेनराइटनं. म्हणजे लिव्हिंगस्टनचा पहिला अंत्यविधी कुठल्या बिशपनं नाही, तर शरणपूरच्या शाळेत शिकलेल्या एका पोरानं केला. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानंच. मग मिठात घालून देह दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात बसवला, वर शिडाचं कापड शिवलं. आणि निघाले.

सुमारे नऊ महिने. दीड हजार मैलांच्या आसपास. आजारपणं, मारामाऱ्या, वाटेत मेलेले सोबती. ताबोराजवळ लेफ्टनंट कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, कशाला त्रास करून घेता, इथंच पुरा. ह्यांनी साफ नकार दिला. एका साहेबाच्या तोंडावर, 1873 मध्ये! पुढं एका ठिकाणी गावकऱ्यांनी वाट अडवली, तर ह्यांनी काय करावं? काड्या-कापडाचं एक खोटं प्रेत बांधलं, आम्ही परत नेतो म्हणून ते मागं पाठवून दिलं, आणि खरा देह कापडाच्या साध्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढं काढला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अक्षरशः टाळी वाजवली. जुगाड इज द वर्ड, बॉस!

फेब्रुवारी 1874 मध्ये बागामोयोचा किनारा आला. आणि तिथं काय झालं? पगार हातावर ठेवले आणि बहुतेकांना रजा दिली. थँक्यू, तुमचं काम झालं. एकट्या जेकब वेनराइटला शवपेटीबरोबर इंग्लंडला जायला मिळालं, तेही चर्च मिशनरी सोसायटीनं तिकिटाचे पैसे भरले म्हणून. त्या प्रवासातला एक फोटो आहे. शवपेटीशेजारी एक तरुण, अंगात सूट, नजर कॅमेऱ्याकडं. शवपेटीत देह लिव्हिंगस्टनचाच आहे हे कसं ठरलं माहितीय? डॉक्टरांनी दंडाचं हाड तपासलं, सिंहानं चावल्यावर मोडलेलं.

18 एप्रिल 1874, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे. शवपेटीच्या मानकऱ्यांत आठ जण. स्टॅन्ली, कर्क अशी बडी मंडळी. आणि त्यांत एकच आफ्रिकन, जेकब वेनराइट. तिथल्या फरशीवर कोरलंय की विश्वासू हातांनी हा देह जमिनीवरून, समुद्रावरून आणला. हात विश्वासू आहेत, पण हातांची नावं नाहीत! रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं नंतर ह्या साठ सोबत्यांसाठी पदकं पाडली, तोवर बरेचसे आफ्रिकेत विखुरले होते.

घंटा असलेलं गाव

इथवरची गोष्ट निष्ठेची आहे. साहेब, चाकर, विश्वासू हात. वाचून डोळ्यांत पाणी येतं, पण खरं सांगू, मला कुठंतरी टोचतंही. आपल्याला अशा गोष्टी आवडतात ज्यात गरीब माणूस मोठ्या माणसासाठी झिजतो. शरणपूरची खरी गंमत त्याच्या पुढं आहे, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे.

लिव्हिंगस्टन गेल्यावर पाच आठवड्यांत, 5 जून 1873 ला, झांजिबारच्या सुलतानानं गुलामांचा समुद्री व्यापार आणि बाजार बंद करणाऱ्या तहावर सही केली. त्यासाठी धडपड करणारा माणूस होता मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर. त्यानं सुचवलं, सोडवलेल्या गुलामांसाठी आफ्रिकेतच शरणपूर हवं. मग नाशिकचेच प्राइससाहेब मोंबासाला गेले आणि किनाऱ्यासमोर वसलं फ्रिअरटाऊन. तिथल्या शाळेत, सुतारशाळेत, चर्चमध्ये कामाला कोण? नासिक बॉइज. म्हणजे नाशिकचं मॉडेल चक्क एक्स्पोर्ट झालं! आफ्रिकन माणसं आफ्रिकेत परतली आणि तिथं त्यांना नाव मिळालं ‘बॉम्बे आफ्रिकन’. इथं हबशी, तिथं बॉम्बेवाले. घर कुठलं, ह्याचं उत्तर दोन्ही किनाऱ्यांवर नाही.

फ्रिअरटाऊनमध्ये एक घंटा उभारली होती. गुलाम पकडणारे आले की वाजवायची. मोंबासात तो भाग आजही ‘केंगेलेनी’ म्हणून ओळखला जातो. स्वाहिलीत अर्थ, घंटेची जागा.

आणि आता माझा ह्या सगळ्यातला फेव्हरेट माणूस. विल्यम हेन्री जोन्स. नाव इंग्रज, जन्म आफ्रिकेचा, शाळा शरणपूरची. 1864 मध्येच, म्हणजे लिव्हिंगस्टन नाशकात येण्याच्याही आधी, तो आणि त्याचा सोबती इश्माएल सेमलर मोंबासाजवळच्या राबई गावी मिशनच्या कामाला गेले. राबईच्या आसपास मळे होते, मळ्यांवर गुलाम होते. समुद्रातला व्यापार बंद झाला तरी जमिनीवरची गुलामगिरी कायदेशीरच होती. मग मळ्यांवरून माणसं पळायची आणि जोन्सकडं यायची.

मिशनचं अधिकृत धोरण काय? पळालेल्या गुलामांना ठेवून घेऊ नका. मालकांशी भांडण नको, कायदा मोडायला नको. दया करा, पण नियमात बसेल तेवढीच. ओळखीचं वाटतंय ना हे? कुठल्याही ऑफिसात पॉलिसी अशीच असते.

जोन्सनं त्यांना ठेवून घेतलं. झोपड्या बांधू दिल्या, शेतं काढू दिली. तो स्वतः मालकाच्या साखळीतून आलेला होता. दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘धोरणात बसत नाही’ हे त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं? बायबलमध्ये येशूची शिकवण आहे ती साधारण अशी, की उपाशी माणूस, परका माणूस, तुरुंगातला माणूस दारात आला तर तो मीच आलोय असं समजा. हे शरणपूरच्या शाळेत त्याला शिकवलं होतं. फक्त शिकवणाऱ्यांना वाटलं नव्हतं की हा पोरगा ते इतकं शब्दशः घेईल!

मधल्या काळात, 1885 मध्ये, बिशप हॅनिंग्टननं जोन्स आणि सेमलर या दोघांना धर्मगुरुपदाची पहिली दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप युगांडाच्या वाटेवर निघाला, जोन्सला तळावर ठेवून पुढं गेला आणि तिथं मारला गेला. जोन्सनं मागं उरलेला काफिला परत आणला.

1888 पर्यंत राबईत पळून आलेल्यांची संख्या इतकी वाढली की मालक हत्यारं घेऊन चाल करून येण्याच्या बेतात होते. प्रकरण मिटवायला कोण आलं? पुन्हा आपले प्राइससाहेब, म्हातारपणी. इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेंझीनं मालकांना भरपाई देऊन माणसं मोकळी करायची तोड काढली. आणि 1 जानेवारी 1889 ला राबईत सुमारे चौदाशे माणसांना मुक्तीचे कागद मिळाले.

मालकांना भरपाई, हं. ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट राबवून घेतलं त्यांना. राबलेल्यांना कागद. पण तो कागद मिळाला तो एका माणसानं नियम मोडून आधी त्यांना जागा दिली म्हणून.

कमिटीच्या सीएसआर डेला

हे सगळं मी का सांगतेय? कारण आपल्या पिढीचा ‘सेवा’ या शब्दाशी एक अजब संबंध आहे. 2013च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. तेव्हापासून वर्षातून एक शनिवार आपण एकसारखे टी-शर्ट घालून झाडं लावतो, आश्रमातल्या मुलांना वह्या देतो, ग्रुप फोटो काढतो. वाईट आहे का? अजिबात नाही. झाडं लागतात, वह्या वापरल्या जातात. मीही गेलेय, फोटोही टाकलाय. पण त्या मुलांच्या आई-बापांना आपल्याच साइटवर किमान वेतन मिळतं का, हा प्रश्न त्या टी-शर्टमध्ये असताना विचारता येत नाही. एकदा मी तो एका कार्यक्रमात विचारला, तर आयोजकांनी माझ्या हातात समोसा दिला.

शरणपूरची गोष्ट म्हणूनच मला नुसती ‘गौरवशाली इतिहास’ छापाची वाटत नाही. तिथं दोन्ही गोष्टी एकाच अंगणात होत्या. आश्रय देणारी, नावं बदलणारी, शिस्तीतली सेवा. आणि त्याच शाळेतून निघालेला, नियम मोडणारा जोन्स.

आणि हा धागा फक्त आफ्रिकेशी नाही. आपल्या मातीतही तो दिसतो. लक्ष्मीबाई टिळक आठवतात? ‘स्मृतिचित्रे’वाल्या. जन्म 1868, नाशिकजवळचं जलालपूर. घर इतकं सोवळ्याचं की बोलायची सोय नाही. नवरा, नारायण वामन टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, बाई कोसळल्या. पाच वर्षांनी, 1900 मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांच्या आत्मचरित्रात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याआधीचं. धर्म बदलण्याच्या आधीच त्यांनी जातपात मनातून काढून टाकली. माणूस-माणसात हा भेद देवानं केलेला नाही, हे स्वतःशी विचार करून, भांडून ठरवलं. मग पुढं त्यांच्या घरात कुणाकुणाची मुलं वाढली! ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी ह्या वीकएण्डला वाचायला घ्या. वेब सीरिज कुठं पळून जात नाही.

पत्ता तोच

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मुद्दाम शरणपूर रोडला चक्कर मारली. रविवारी सकाळी हा रस्ता ओळखू येत नाही, इतका शांत असतो. सेंट अँड्र्यूज चर्चच्या बाहेर स्कूटर लागल्या होत्या, आतून मराठी उपासनेचा आवाज येत होता. बाहेर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या दोन-तीन जणांना विचारलं, आफ्रिकेतली मुलं इथं राहायची, माहितीय का? एकानं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, ‘ताई, क्रिकेट खेळायला आली होती का?’

हसू आलं, पण चूक त्याची नाही. कुणी सांगितलंच नाही. राजीव गांधी भवनासमोरून रोज हजारो गाड्या जातात. तिथं एक छोटासा फलक लावायला महापालिकेला किती खर्च येईल? वेनराइट, गार्डनर, वेलिंग्टन, फरार, जोन्स, सेमलर. सहा नावं, चार ओळी.

जेकब वेनराइट 1892 मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबो इथं वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मात्र खूप जगला. मोंबासात, 1935 पर्यंत. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात, नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह होऊन गेल्यावरही, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक म्हातारा होता ज्याचं बालपण शरणपुरात गेलं होतं.

वेनराइटनं त्या प्रवासात ठेवलेल्या डायरीचा जर्मन अनुवाद 1874 मध्येच छापला गेला. त्याच्या स्वतःच्या अक्षरातली इंग्रजी वही मात्र दीडेकशे वर्षांनी लोकांसमोर आली. स्कॉटलंडमध्ये लिव्हिंगस्टनच्या जन्मगावच्या संग्रहालयात ती आहे आणि 2019 पासून इंटरनेटवर फुकट वाचता येते. लंच ब्रेकमध्ये बघा. अक्षर छान आहे.